सुई अडकते, आवाज हलतो, घूं होतं: रेकॉर्ड प्लेअरच्या तक्रारी नीट कशा ऐकायच्या

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात. गाद्या आणि पितळी पिंपांच्या मागून एखादा सूटकेसच्या आकाराचा एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर खाली येतो, सोबत सुतळीने बांधलेला तबकड्यांचा गठ्ठा. खाडीपलीकडे नवी मुंबईत, नेरूळ-खारघरच्या टॉवरमध्ये ऑनलाइन मागवलेला नवाकोरा टर्नटेबल असतो. यंत्रं वेगळी, पण तक्रारी ठरलेल्या: ‘सुई अडकते’, ‘आवाज हलतो’, ‘घूं करतो’, ‘आवाज बसलाय’. खापर बहुतेक वेळा सुईवर फुटतं. सुई बदलली जाते आणि तक्रार होती तिथेच राहते. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. खरं तर तक्रार करणाऱ्याचे शब्द नीट ऐकले, तर कुठला भाग तपासायचा हे प्लेअर उघडण्याआधीच बरंचसं कळतं.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडक्यात पाहू. तबकडीच्या एका बाजूवर अनेक गोल रेषा दिसतात, पण असते ती एकच खोबणी, कडेपासून आत गुंडाळत गेलेली. एका बाजूला वीस मिनिटं वाजणाऱ्या एलपीची (मोठ्या, बारा इंची तबकडीची) ही खोबणी सरळ केली तर साधारण ४३० मीटर भरेल. खोबणीच्या भिंती नागमोडी असतात. त्यांच्यामुळे सुई थरथरते, सुईमागचं कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करतं, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवून स्पीकरला देतो. म्हणजे भाग चार: फिरवणारा, वाचणारा, वीज करणारा आणि मोठा करणारा. प्रत्येक तक्रार यांतल्या एकाची असते, नाहीतर तबकडीची.

आधी तबकडी ओळखा

माळ्यावरच्या गठ्ठ्यात तीन जातीच्या तबकड्या मिसळलेल्या असतात. जड, जाड, दहा इंची आणि हातातून पडली की फुटणारी ती ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची बनवतात. भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं (गौहरजान त्यातल्या पहिल्या गायिकांपैकी एक), आणि १९६०च्या दशकातही आपल्याकडे ७८च्या तबकड्या निघत होत्या. दहा इंची बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून त्या काळच्या गायकांना अख्खा राग तेवढ्यात मांडावा लागे. बारा इंची, लवचीक ती एलपी, मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी. ती अमेरिकेत १९४८ साली आली. सात इंची ती बहुधा ४५ची.

हे ओळखायचं कारण व्यावहारिक आहे. ७८ची खोबणी रुंद असते, तिला टोकाला साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलाई असलेली सुई लागते. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८वर टेकवली तर ती खोबणीच्या तळाशी घासत जाते, खरखर जास्त आणि गाणं कमी. मोठी सुई एलपीवर टेकवली तर भिंती खरवडल्या जातात. जुन्या प्लेअरांत कार्ट्रिजच्या टोकाशी एक छोटी पट्टी असते. ती उलटवली की दुसरी सुई खाली येते. पट्टीवर ‘७८’ आणि ‘एलपी’ असं लिहिलेलं असतं. घाणीमुळे दिसत नसेल तर कोरड्या मऊ ब्रशने पुसून बघा. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका. त्याचं डोकं शंभर ग्रॅमच्या आसपास वजन टाकतं, एका फेरीत एलपी कामातून जाते. त्याची पोलादी सुईसुद्धा दर बाजूला बदलायची असते, कारण ७८मधली दगडाची भुकटी ती झिजवते आणि मग झिजलेली सुई तबकडीला झिजवते.

माळ्यावरून काढलेला प्लेअर थेट बोर्डात खुपसू नका. वायरवरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वर्षानुवर्षं निजलेले असतात. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब प्लेअरच्या वाटेत जोडलेला असतो. बल्ब मंद पेटला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. एलईडी बल्बने ही परीक्षा होत नाही. सेलवरही चालणारं मॉडेल असेल तर सेलचा कप्पा आधी उघडा. विसरलेले सेल फुटून हिरवट-पांढरा लगदा पत्र्यांना चिकटलेला असतो, आणि ‘मोटरच गेली’ म्हणून आलेल्या कित्येक प्लेअरांचा रोग तेवढाच असतो.

‘आवाज हलतो’

ही तक्रार सर्वांत जास्त चुकीची समजली जाते, म्हणून हिच्यावर जरा थांबू. आवाज हलतो म्हणजे लांबवलेला सूर वरखाली होतो. सतारीच्या किंवा पेटीच्या गाण्यात ते पटकन कळतं. घड्याळ घ्या आणि हेलकावा किती वेळाने परत येतो ते मोजा. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदाचा असतो, ४५चा १.३३, ७८चा ०.७७. हेलकावा बरोबर १.८ सेकंदाने येत असेल तर दोष फेऱ्याशी बांधलेला आहे, म्हणजे तबकडीत किंवा तिच्याखालच्या फिरत्या थाळीत. आता डोळे आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, उंचीला आणून बघा. आर्म दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे. आर्म स्थिर असूनही हेलकावा येत असेल, किंवा तो १.८ सेकंदापेक्षा भराभर येत असेल, तर फिरवणाऱ्या भागाकडे वळा. टिक्-टिक् आवाजालाही हाच हिशेब लावा: दर १.८ सेकंदाला एक टिक् म्हणजे आडवा ओरखडा.

जुन्या प्लेअरांत बेल्ट नसतो. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या असलेली पितळी पुली असते, सर्वांत जाड पायरी ७८ची. पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबलं जातं आणि ते थाळीला फिरवतं. प्लेअर बंद करताना वेगाची कळ ‘३३’वरच ठेवली तर हे चाक वर्षानुवर्षं पुलीवर दाबलेलं राहतं आणि रबराला खाच पडते. मग प्रत्येक फेरीत खाच पुलीवरून गेली की धप्, धप्. म्हणून काम झालं की कळ मधल्या मोकळ्या खुणेवर आणून ठेवायची.

दुरुस्तीचा क्रम असा. प्लेअर बोर्डातून काढा. थाळीच्या मध्यावरची अर्धगोल क्लिप सोडवा. ती उडते, म्हणून वर बोट ठेवा. थाळी सरळ वर उचला. रबरी चाकाची कड आणि थाळीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. चाक चकचकीत आणि कडक झालं असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने गोल फिरवा. थाळीचा दांडा ज्या भोकात फिरतो त्यातलं मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस कापसाच्या काडीने खरवडून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका. मोटरच्या वरच्या-खालच्या बेअरिंगला एकेक थेंब. जास्त नको, कारण हे तेल उडून रबरावर गेलं की चाक घसरतं आणि तक्रार बदलते: ‘सुई ठेवली की थाळी मंदावते’. खोल खाच मात्र घासून जात नाही. त्या चाकावर नवं रबर चढवून घ्यावं लागतं.

वेग तपासायला यंत्र लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. बरोबर शंभर यायला हवेत. १०१ आले तर वेग एक टक्क्याने जास्त, तो कानाला जाणवत नाही. १०६ आले तर मात्र गायकाची पट्टी अख्खी सरकलेली असते: काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. पेटी घेऊन रेकॉर्डबरोबर रियाज करणाऱ्यांना हा फरक सगळ्यांत आधी कळतो. थाळीच्या कडेवर छापलेल्या रेघांनीही वेग तपासता येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून ३३साठी १८० रेघा असतात. दिव्यात त्या थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. पण घरातल्या बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेघा थांबतच नाहीत, त्यांना चोकवाली जुनी ट्यूबलाइट लागते. तेव्हा वेग चुकतोय असं ठरवण्याआधी दिवा बदलून बघा.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला जुना प्लेअर ठाण्यात लावला की गाणं रडवेलं होतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमतं, पण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि मोटर विजेच्या तालावर फिरणारी. आपल्याकडे ती ३३च्या जागी अठ्ठावीसच्याही किंचित खाली फिरते, गाणं जवळजवळ तीन पट्ट्या खाली जातं. त्याला ५० हर्ट्झची पुलीच हवी. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या डीसी मोटरच्या टर्नटेबलांना हा त्रास नाही.

‘सुई अडकते’

एकच विषय उगाळणाऱ्या माणसाला ‘याची पिन अडकलीय’ म्हणतात. तिथे इलाज नसतो, इथे असतो. पहिला प्रश्न: सुई एकाच रेकॉर्डवर अडकते की सगळ्यांवर? एकावरच, ठरावीक जागी अडकत असेल तर भिंग घेऊन ती जागा बघा. बहुधा खोबणीत घट्ट बसलेला कण असतो. ओल्या मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने पुसला तर निघतो. टाचणीने उकरू नका. सगळ्या रेकॉर्डवर साधारण त्याच पट्ट्यात अडकत असेल तर दोष आर्मचा: बेअरिंग जाम, आतली बारीक तार ताठ, किंवा आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेचं ग्रीस गोठलेलं. प्लेअर बंद ठेवून आर्म तबकडीच्या किंचित वर धरून कडेपासून मध्यापर्यंत फिरवा. कुठे अडखळतो ते बोटाला कळेल.

आणि नाणं. आर्मच्या डोक्यावर नाणं ठेवायची युक्ती पिढीजात आहे. एक रुपयाचं २०११ ते २०१८ मधलं नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं. दोन ग्रॅमवर चालणाऱ्या सुईवर ते ठेवलं की भार जवळपास तिप्पट होतो. अडकणं थांबतं, कारण सुई अडथळा चिरडून पुढे जाते. पण उलट चूकही तितकीच वाईट आहे. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार फार कमी ठेवला तर सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंतींना टवके पाडते. भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिला असेल तोच ठेवायचा. स्वस्त नव्या टर्नटेबलांवर बहुधा ऑडिओ-टेक्निकाचं एटी ३६०० एल असतं, त्याचा भार अडीच ते साडेतीन ग्रॅमच्या दरम्यान. त्याच कंपनीच्या व्हीएम ९५ ई कार्ट्रिजचा दोन ग्रॅम. जुन्या प्लेअरांच्या सिरॅमिक कार्ट्रिजला चार ते सहा ग्रॅम लागतात.

मोजायला ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो. थाळी फिरत नसताना, काट्याची वरची बाजू रेकॉर्डच्या उंचीला येईल अशी ठेवा. काटा उंच असला तर आकडा चुकतो. काट्याचा पत्रा लोखंडी असेल तर चुंबकी (आत चुंबक असलेलं) कार्ट्रिज स्वतःच खाली ओढलं जातं आणि भार जास्त दिसतो. अशा वेळी काट्यावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून शून्य करा आणि सुई त्याच्या कडेवर टेकवा. काटा खरा आहे का, हे आधी त्याच २०११-१८ मधल्या रुपयाच्या नाण्याने पाहून घ्या.

तबकडीच्या एका बाजूवरच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटतो, आवाज चिरकतो, अशी तक्रार असेल तर घाबरू नका. थाळीचा वेग तोच राहतो, पण कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते आणि आत जेमतेम २१. तेवढंच गाणं कमी जागेत कोंबलेलं असतं. कार्ट्रिज वाकडं बसलं असेल तर त्रास वाढतो. कार्ट्रिजचा कोन तपासायचा कागदी प्रोट्रॅक्टर छापून, छपाई शंभर टक्के आकाराची आहे हे पट्टीने तपासून, ते सरळ करा.

‘आवाज बसलाय’

जुन्या प्लेअरमध्ये हा आजार पावसाळ्यानंतर दिसतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत हमखास. साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक प्लेअरांत क्रिस्टल कार्ट्रिज असतं. आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचा. झाकणाची सील गेली की दमट हवा आत शिरते आणि स्फटिक मऊ पडतो. आवाज आधी बारीक होतो, मग फक्त कुजबुज उरते. आवाजाचं बटण पूर्ण फिरवून मऊ ब्रशने सुईला अगदी हलका स्पर्श करा. स्पीकरमधून खणखणीत ‘ठक्’ आलं तर कार्ट्रिज जिवंत आहे. काहीच आलं नाही, पण बटण फिरवताना स्पीकर खरखरतो, तर अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे आणि कार्ट्रिज गेलं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या जागी सिरॅमिक बसवा. ते दमटपणाला दाद देत नाही आणि त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर चालतं. इथे चुंबकी कार्ट्रिज चालणार नाही, कारण सिरॅमिक शेकड्याने मिलिव्होल्ट देतं आणि चुंबकी फक्त तीन ते पाच.

नव्या सेटवर ‘आवाज बसलाय, खर्जच नाही’ असं असेल तर आधी वायर कुठे लावली ते बघा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तीव्र स्वर चढवतात, नाहीतर खर्जाची नागमोड शेजारच्या खोबणीत घुसेल आणि खरखरही मोठी येईल. वाजवताना हे उलटं करावं लागतं. ते काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. चुंबकी कार्ट्रिजचा प्लेअर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावला तर बारीक, पत्र्यासारखा आवाज येतो. प्लेअरमध्येच प्रीअ‍ॅम्प असून वायर ‘फोनो’त लावली तर दोनदा प्रक्रिया होते आणि आवाज फाटतो. प्लेअरच्या मागे ‘फोनो/लाइन’ अशी छोटी कळ असते. बऱ्याचदा सगळा घोळ तिचाच असतो.

‘घूं करतो’

आर्मच्या धातूला बोट लावा. घूं कमी-जास्त झालं तर अर्थिंगचा प्रश्न आहे: प्लेअरची ती बारीक, एकटी लोंबणारी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला लागलेली नाही. जुन्या चाळीत आणि पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तार जोडलेलीच नसते, हेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आवाज वाढवला की घूं चढत-चढत हंबरायला लागतं आणि सुई उचलताच थांबतं, ती वेगळी भानगड. स्पीकर आणि प्लेअर एकाच कपाटावर असल्याने स्पीकरची थरथर सुईत शिरतेय. स्पीकर खाली उतरवा. रुळांलगतच्या किंवा घोडबंदर रोडवरच्या ट्रकांनी हादरणाऱ्या घरात प्लेअर जमिनीवरच्या हलक्या टेबलापेक्षा भिंतीत ठोकलेल्या फळीवर चांगला राहतो.

धुणं आणि पावसाळा

नळाचं पाणी वाळलं की त्यातले क्षार खोबणीत राहतात. गॅरेजच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड वॉटर’ असं लिहिलंय हे वाचा. अ‍ॅसिडची बाटली शेजारीच असते. एलपी आणि ४५साठी १ लिटर पाण्यात २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. ७८साठी अल्कोहोल अजिबात नाही, लाख त्यात विरघळते. नुसतं पाणी आणि लिक्विडचा एखादा थेंब पुरे. लेबल कोरडं ठेवा, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी वाळवा. उन्हात नाही, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. एलपी तिथे पापडासारखी वाकते.

जुलै-ऑगस्टमध्ये पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी धरते आणि ती आतल्या तबकडीवर पांढरे ठिपके सोडते. तबकड्या उभ्या ठेवा, कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून लांब हवं, आतलं कागदी पाकीट सडकं असेल तर फेकून साधं पॉलिथीनचं घ्या. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण पाणी शोषून भरल्या की त्यांचा उपयोग संपतो. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकला लागते.

हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास टिकते, नीलमण्याची पन्नास-शंभर. सुई, बेल्ट किंवा रबरी चाक आणायला दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला जायचं असेल तर नुसतं ‘एचएमव्हीची सुई द्या’ म्हणून भागत नाही, एकाच कंपनीच्या प्लेअरांत वेगवेगळी कार्ट्रिजं असायची. कार्ट्रिजच्या पोटावर कोरलेला नंबर मोबाइलवर फोटो काढून न्या आणि जुनी सुई काडेपेटीत घालून सोबत ठेवा. बेल्ट तुटला असेल तर मोटरची पुली आणि थाळीखालची कड यांच्याभोवती दोरा गुंडाळून लांबी घ्या. बेल्ट त्यापेक्षा थोडा आखूड हवा, म्हणजे किंचित ताणून बसतो. फार आखूड घेतला तर मोटरची बेअरिंगं एका बाजूला ओढली जातात आणि थाळीत गुरगुर सुरू होते.